शेतमालासाठी पिकअप निवडताना

द्राक्ष, डाळिंब, टोमॅटो, कांदा, भाजीपाला किंवा फुले पिकविणाऱ्या गावांत आज चार-पाच पिकअप गाड्या सहज दिसतात. २००५ साली टाटा एस ही छोटी मालगाडी बाजारात आली, लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटले आणि तेव्हापासून शेतकऱ्याने स्वतःची मालगाडी ठेवणे ही गोष्ट नवलाची राहिली नाही. त्यापाठोपाठ एक ते दोन टन माल नेणाऱ्या पिकअपची मोठी रांगच उभी राहिली. कंपन्या अनेक, प्रत्येकीचे चार-चार प्रकार, आणि विक्रेता म्हणतो आमचीच गाडी सर्वांत दणकट. अशा वेळी शेतकरी बंधू तीन प्रश्न विचारतात : किंमत किती, ॲव्हरेज किती आणि एंजिन किती हॉर्सपॉवरचे? चौथा प्रश्न बहुधा राहून जातो. या गाडीत कायद्याने आणि ब्रेकच्या ताकदीने नेमका किती माल भरता येईल? सगळा फायदा-तोटा, आणि घाटात जिवाची सुरक्षितताही, या चौथ्या प्रश्नावर अवलंबून असते. म्हणून या लेखात तोच आधी घेतला आहे.

आरसी बुकातील दोन आकडे

प्रत्येक मालवाहू गाडीच्या नोंदणी पुस्तकात दोन वजने लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे वजन आणि दुसरे भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त एकूण वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की जे उरते त्याला आपण बोलीभाषेत पासिंग म्हणतो. परंतु हे सगळे पासिंग मालाचे नसते. रिकाम्या गाडीच्या वजनात चालक आणि सोबतची माणसे धरलेली नसतात. शिवाय गाडी घेतल्यावर आपण लोखंडी जाळी, वरचा सांगाडा, जाड पत्र्याचा तळ, जादा स्टेपनी असे बरेच काही बसवतो. हे सर्व वजन मालाच्या वाट्यातून जाते.

एक उदाहरण घेऊ. समजा, गाडीचे एकूण मान्य वजन ३००० किलो आणि रिकामे वजन १६५० किलो आहे. म्हणजे पासिंग १३५० किलो. पुढे चालकासह तीन माणसे बसली, त्यांचे २०० किलो गेले. जाळी आणि सांगाड्याचे १२० किलो गेले. मालासाठी उरले १०३० किलो. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा आणि रिकाम्या क्रेटचे दोन किलो धरले, तर ४६ क्रेट बसतात. प्रत्यक्षात अशा गाडीत ८० क्रेट भरलेले आपण रोज पाहतो. म्हणजे १७६० किलो माल, मालाच्या वाट्यापेक्षा ७३० किलो जास्त. मालकाला विचारले तर तो सांगतो, गाडी काही तक्रार करत नाही. गाडी तक्रार करते, पण ती आठ-दहा महिन्यांनी मागच्या बेअरिंगमधून, क्लचप्लेटमधून आणि टायरच्या कडेतून करते.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे मागे एक-दोन पाटे वाढवून घेणे. पाटे वाढवल्याने गाडी मागे बसलेली दिसत नाही एवढेच. मागचा ॲक्सल, हबचे बेअरिंग, ब्रेकचे ड्रम, चाकाचे नट आणि टायर पूर्वीचेच राहतात. उलट पूर्वी गाडी बसली म्हणजे माल जास्त झाला हे डोळ्यांना कळत होते, ती खूणही जाते.

नवीन गाडी घरी आल्यावर एक काम अवश्य करावे. जाळी-सांगाडा बसवून झाला की गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्यावी आणि रिकामे वजन करून चिठ्ठी जपून ठेवावी. पुढे कधी भरलेली गाडी काट्यावर गेली तर आधी संपूर्ण गाडीचे आणि मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या ॲक्सलवर जादा भार पडलेला असू शकतो. बांबू, पीव्हीसी पाइप किंवा शेडचे लोखंड फाळका उघडून मागे लोंबते ठेवले की असे हटकून होते. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर तीन मीटर असलेल्या गाडीत मागच्या चाकांच्या मागे एक मीटरवर ३०० किलो वजन ठेवले, तर मागच्या ॲक्सलवर ३०० नव्हे तर ४०० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे १०० किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग हलके लागते, वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

हौदा भरला म्हणजे गाडी भरली असे नाही

साधारण नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि दीड फूट उंच कडेच्या हौद्यात काठोकाठ दोन घनमीटरच्या थोडा वर माल मावतो. सुटा कांदा घनमीटरला अर्ध्या टनाच्या थोडा वर भरतो, तेव्हा कांद्याने हौदा सपाट भरला तर वजन अकराशे-बाराशे किलोपर्यंत जाते. चांगले कुजलेले शेणखतही जवळपास एवढेच, ओले असल्यास अधिक. परंतु मुरूम, ओली माती किंवा वाळू घनमीटरला दीड टनापेक्षा जास्त भरते. तोच हौदा मुरुमाने सपाट भरला की तीन टनांच्या पुढे माल झाला! मुरुमासाठी हौदा अर्ध्यापेक्षा कमी भरावा, आणि हे काम खरे म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉलीचे आहे.

पाण्याबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. उन्हाळ्यात सांगोला, आटपाडी, जतसारख्या भागांत बागा जगवण्यासाठी पिकअपमध्ये प्लॅस्टिकची टाकी ठेवून पाणी आणले जाते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन हजार लिटरची टाकी म्हणजे दोन टन, अधिक टाकीचे आणि मोटरपंपाचे वजन. सव्वा-दीड टनाच्या गाडीत ती ठेवून वर अर्धीच भरू असे म्हणणारे बंधू आहेत. अर्धी टाकी अधिक वाईट, कारण पाणी वळणावर एका बाजूला आणि ब्रेक दाबताच पुढे धावते. गाडीला झेपेल एवढीच टाकी घ्यावी आणि ती काठोकाठ भरावी. जमल्यास आत आडव्या फळ्या असलेली टाकी पाहावी.

कोणती गाडी कोणत्या कामाला

आता कंपन्यांची तुलना. येथे दिलेले आकडे प्रकारानुसार थोडे बदलतात, त्यामुळे घेताना त्याच प्रकाराचे माहितीपत्रक हातात घ्यावे.

महिंद्राची बोलेरो पिकअप आपल्या ग्रामीण भागात सर्वांत परिचित. अडीच लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल एंजिन, सुमारे ७५ हॉर्सपॉवर आणि २०० न्यूटन मीटर ओढ. १.३ टन आणि १.७ टन हे तिचे जुने प्रकार, आणि अलीकडच्या मॅक्स मालिकेतील जड प्रकार दोन टनांपर्यंत जातो. एंजिनची ओढ कमी फेऱ्यांवरच मिळते, त्यामुळे शेतरस्त्यावर, चिखलात आणि भरल्या गाडीने चढावर सुरुवात करताना क्लच फार घासावा लागत नाही. तिची दुरुस्ती येणारा मिस्त्री आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी सहज मिळतात, ही माझ्या मते तिची खरी जमेची बाजू. हंगामात गाडी तीन दिवस उभी राहिली तर काय होते, हे टोमॅटो उत्पादकाला सांगायला नको.

टाटा योद्धाला २.२ लिटरचे १०० हॉर्सपॉवरचे एंजिन आहे, ओढ २५० न्यूटन मीटर. २०२२ मध्ये आलेला तिचा मोठा प्रकार दोन टन माल नेतो. ज्यांची फेरी लांबची आहे, म्हणजे नाशिक किंवा पुणे जिल्ह्यातून वाशी बाजारात आठवड्याला तीन-चार वेळा पूर्ण भरून जाणे आहे, त्यांना हे जादा एंजिन उपयोगी पडते. गावात पाच-दहा किलोमीटर फिरण्यासाठी मात्र त्या ताकदीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

अशोक लेलँडची दोस्त २०११ साली आली आणि तिची थोरली बहीण बडा दोस्त २०२० साली. दोहोंचे एंजिन दीड लिटरच्या आतले, तीन सिलिंडरचे. बडा दोस्तमध्ये ते ८० हॉर्सपॉवर आणि १९० न्यूटन मीटर देते. टाटाची इंट्रा व्ही ५० ही याच पंगतीतली, दीड टन माल आणि ८० हॉर्सपॉवर. या गाड्यांना पुढे लांब नाक नसल्याने तेवढ्याच लांबीत हौदा मोठा मिळतो आणि बाजारपेठेतील गर्दीत गाडी लवकर वळते. फुले, पालेभाजी, दूध, अंडी असा जागा जास्त व्यापणारा पण हलका माल पक्क्या सडकेने नेणाऱ्यांनी या गाड्या आधी पाहाव्यात. रोज खडी-चिखलाच्या वाटेने बांधापर्यंत जाणाऱ्याने मात्र गाडीखालची मोकळी उंची स्वतः मोजून पाहावी.

१ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या सर्व नव्या गाड्या बीएस-६ प्रमाणाच्या आहेत. त्यांत भेसळीचे डिझेल किंवा डब्यात साठवलेले गढूळ डिझेल मुळीच चालत नाही. ज्या प्रकारात धूर गाळणारी जाळी आहे, ती गाडी सतत गावातल्या गावात मंद चालवली तर जाळी काजळीने भरते. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोठ्या रस्त्याने गाडी न्यावी.

चढ एंजिनचा, उतार ब्रेकचा

हॉर्सपॉवरच्या आकड्याला आपण फार महत्त्व देतो, म्हणून थोडे गणित. शंभर मीटरला सात मीटर चढ असलेल्या रस्त्यावर तीन टन एकूण वजनाची गाडी ताशी ३० किलोमीटरने चढण्यास चाकांशी सुमारे २८ हॉर्सपॉवर लागतात. तीच गाडी साडेचार टन केली तर सुमारे ४२. म्हणजे ७५ हॉर्सपॉवरचे एंजिन जादा भरलेली गाडीही घाट चढवून नेते. फसगत येथेच होते. चढली म्हणजे झेपली, असे आपण समजतो.

आता उतरण्याचे पाहा. तीन टनांची गाडी ३०० मीटर उंची उतरली की वजनामुळे जी शक्ती निर्माण होते ती सुमारे २८ लिटर थंड पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. घरचा पाण्याचा बंब डोळ्यासमोर आणा. साडेचार टनांच्या गाडीत हेच ४२ लिटर होतात. यातील काही भाग टायरच्या घर्षणात व वाऱ्यात जातो. उरलेली उष्णता एकतर एंजिनने धरायची किंवा ब्रेकने. ब्रेक मात्र तेवढेच, कंपनीने तीन टनांसाठी बसवलेले. सतत पाय दाबून उतरले की लायनर तापतात, जळकट वास येतो, पॅडल कडक लागूनही गाडी थांबत नाही. ब्रेकच्या तेलात पाणी उतरलेले असेल तर ते उकळते आणि पॅडल एकदम पायाखाली बसते.

ओतूरकडून कल्याणला माळशेज घाटाने, नाशिककडून कसारा घाटाने, कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाटाने किंवा बेळगावकडून गोव्याला चोर्ला घाटाने भाजीपाला नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. एका पहाटे प्रस्तुत लेखक टोमॅटोच्या गाडीतून माळशेज उतरत होता. चालक अनुभवी होता, पण डिझेल वाचविण्यासाठी त्याने गाडी न्यूट्रल केली. तिसऱ्या वळणाला वास सुटला. नशिबाने कडेला सपाट जागा होती. तेथे गाडी लावून पाऊण तास थांबलो आणि बाजाराची पहिली बोली चुकली. डिझेल वाचले असेल ते फार तर पाव लिटर!

उतरताना गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये, किंवा एक खाली, घाट सुरू होण्यापूर्वीच टाकावी. न्यूट्रल करू नये. एंजिन बंद करून उतरणे तर जिवाशी खेळ आहे, कारण ब्रेकला आणि पॉवर स्टिअरिंगला मिळणारी मदत एंजिन चालू असेपर्यंतच असते. ब्रेक सतत दाबून न धरता थोडा जोरात दाबून वेग कमी करावा आणि सोडावा. ब्रेकचे तेल दोन वर्षांतून एकदा बदलून घ्यावे. या खर्चाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात.

ओढण्याचे काम

पिकअपला मागे हूक लावून फवारणीचे यंत्र, जनरेटर किंवा लहान ट्रॉली ओढता येईल का, अशी विचारणा होते. अमेरिकेत फोर्ड, शेव्हर्ले आणि रॅम या कंपन्यांच्या जड पिकअपमध्ये कोण किती टन ओढते याची मोठी चुरस असते, आणि तेथील शेतकरी गुरे, गवत, यंत्रे पिकअपमागेच नेतो. त्या चित्रफिती पाहून आपल्याकडेही हौस वाटते. पण तेथे गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजन किती असावे हा आकडा कंपनी देते, ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा असे सांगते, आणि अनेक राज्यांत सुमारे १३६० किलोपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्या गाडीच्या माहितीपत्रकात ओढण्याचा आकडा दिलेला नसेल तर गाडी ओढण्यासाठी बनवलेली नाही असे समजावे. गॅरेजमध्ये मागच्या बंपरला वेल्डिंगने जोडलेला हूक भरवशाचा नसतो.

ओढण्यासाठी आपल्याकडे ट्रॅक्टर आहे. तो ताशी पंचवीस-तीस किलोमीटरने चालतो म्हणूनच पाच टन ओढू शकतो. येथेही ओढणे आणि थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास असतो. मागे सहा-सात टनांची बिनब्रेकची ट्रॉली असेल तर उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते आणि वळणावर आडवी येते. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडल्यावर धोका आणखी वाढतो. दोनचाकी ट्रॉलीत माल फार पुढे भरला तर हुकावर भार येऊन चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात. फार मागे भरला तर हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि ट्रॉली डोलते. जड माल चाकांच्या किंचित पुढे ठेवावा. सडकेवर येताना ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पॅडल एकमेकांना पट्टीने जोडलेच पाहिजेत. शेतात वळण्यासाठी सोडलेली पट्टी तशीच राहिली आणि सडकेवर एकच पॅडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्ट्या आणि चालू दिवा असावा.

घ्यावी की भाड्याने करावी

समजा, गाडी १० लाखांना घेतली आणि आठ वर्षांनी तीन लाखांना विकली. वर्षाला ८७,५०० रुपये घट झाली. सरासरी साडेसहा लाख गुंतले, त्यावर दहा टक्क्यांनी ६५,००० व्याज. विमा, कर, फिटनेस मिळून ४५,००० धरू. गाडी जागेवर उभी असली तरी वर्षाला सुमारे दोन लाख रुपये खर्च आहे. वर्षात ६० फेऱ्या झाल्या तर दर फेरीवर ३,३०० रुपये हा खर्च, डिझेल, टायर आणि चालक वेगळे. २०० फेऱ्या झाल्या तर तो हजारावर येतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, आपले घालून पाहावेत. एका हंगामातील चाळीस फेऱ्यांसाठी गाडी घेणे परवडत नाही. दोन-तीन शेजाऱ्यांचा माल मिळून गाडी वर्षभर चालणार असेल तर वेगळा विचार करता येतो. किंमत विचारताना हेही ध्यानात असावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के आणि शेतीच्या ट्रॅक्टरवरील १२ वरून ५ टक्के झाला आहे. त्यापूर्वीचे दरपत्रक कोणी दाखवल्यास ते जुने समजावे.

कागदपत्रांतील काही बाबी

ज्या मालगाडीचे एकूण वजन ३००० किलोपर्यंत आहे तिला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. १.७ किंवा दोन टनांचा प्रकार घेतला की एकूण वजन त्यापुढे जाते आणि परमिट काढावे लागते. विक्रेता हे आपणहून सांगेलच असे नाही. एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ती चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. फिटनेस प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावे लागते.

जादा माल भरल्यास कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तेथेच उतरवण्याचा खर्च. वरच्या उदाहरणातील ३४ जादा क्रेटची सगळी किंमत कित्येकदा या दंडाएवढीही नसते.

सर्वांत नाजूक बाब हौद्यात बसणाऱ्या माणसांची. द्राक्ष छाटणीला, कांदा लागणीला मजूर, लग्नाचे वऱ्हाड, देवदर्शनाची मंडळी पिकअपच्या हौद्यात बसवून नेली जातात. मालवाहू गाडीचा विमा केबिनमधील मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत माणसाला लागू होतो. हौद्यात बसलेल्या मजुरांच्या बाबतीत विमा कंपनी जबाबदारी नाकारते आणि भरपाई गाडीमालकाच्या सात-बारावर येऊन थांबते, अशी प्रकरणे न्यायालयांत जातात. मजूर आणण्यासाठी प्रवासी गाडी ठरवावी, तिचे भाडे मजुरी खर्चात धरावे.

जुनी पिकअप घेत असाल तर रंग आणि सीटकव्हर पाहू नका. गाडीखाली शिरून चासीला, विशेषतः मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी, वेल्डिंगचे डाग आहेत का ते पाहावे. मागच्या पाट्यांची संख्या मोजून कंपनीच्या संख्येशी ताडावी. जादा निघाले तर ती गाडी आयुष्यभर जादा माल वाहून दमलेली आहे असे समजून किंमत करावी, किंवा दुसरी गाडी पाहावी.